पहिला हिरवा

अर्धापूरच्या मुलीला केळ्याच्या बाबतीत झालेली चूक बघवत नाही. त्यामुळे नांदेडच्या बसस्टँडवर, जानेवारीतल्या त्या कुंद सकाळी जे घडलं, त्यात तनुजाचा दोष काढण्यात अर्थ नाही.

लातूरची गाडी फलाटाला लागली होती आणि तिच्या खिडकीखालीच केळीवाल्याचा गाडा होता. एक चष्मेवाला तरुण ढिगातल्या पिवळ्याधमक फण्या बाजूला सारून मोठी फणी शोधत होता. शोधून शोधून त्याने जी उचलली ती अशी हिरवीगार, की कालच झाडावरून उतरवली असावी. केळीवाला काही बोलला नाही. गिऱ्हाईक आपण होऊन कच्चा माल नेत असेल तर कोण कशाला तोंड उघडेल? तरुणाने पैसे दिले, गाडीत चढला आणि नेमका तनुजाच्या शेजारी येऊन बसला.

तनुजाच्या मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन ब्युरेटा होत्या. काचेच्या त्या लांब नळ्या सांभाळत ती अंग चोरून बसली होती. लोहा मागे पडलं तेव्हा शेजाऱ्याने एक केळ सोलायला घेतलं. साल निघेना. त्याने नख लावलं, मग दात लावला, कसाबसा एक घास तोडला... आणि त्याचं तोंड असं काही झालं, की तनुजाला राहवेना.

"भाजी करायची होती का?"

"काय?"

"कच्च्या केळ्याची भाजी चांगली होते. पण शिजवावी लागते ती."

तो केळ्याकडे बघत राहिला. "मला वाटलं पिकलेली हाईत."

"कशावरून वाटलं?"

"कशावरून म्हणजे... वाटलं."

"कुठले तुम्ही?"

"चाकूर."

"मग बरोबर. तुमच्याकडं केळी फोटोतच बघत असतील."

तो हसला. हसल्यावर त्याचे डोळे अगदी बारीक होत, हे तनुजाने नोंदवून ठेवलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. "आणि तुम्ही?"

"अर्धापूर."

"केळीचंच गाव. मग पंचाईतच झाली की माझी." त्याने उरलेली फणी पायाशी सारली. थोड्या वेळाने, आपली गेलेली अब्रू भरून काढावी तसा, तो म्हणाला, "तुमची ओढणी बाकी छान हाय. केळीच्या पानासारखी."

तनुजाने खाली पाहिलं. ओढणी विटकरी होती. "वाळलेल्या पानासारखी म्हणायचंय का?"

"हां..." तो घाईने म्हणाला. "वाळलेल्या."

चाकूरला गाडी थांबली. त्याने खिडकीतून बोट दाखवलं. "ते स्टँडसमोर दुकान दिसायलंय ना, रंगाचं? आमचं हाय." आणि दाखवून झाल्याबरोबर तो सीटमध्ये खाली सरकला, डोकं दिसणार नाही इतका.

"उतरायचं नाही?"

"न्हाई. अप्पांनी बघितलं तर कायमचं बसवून घेतील." हे तो हसत बोलला, पण गाडी सुटेपर्यंत वर काही आला नाही.

लातूरला क्लासची लेकरं दोन वर्षं मान वर न करता प्रश्न सोडवतात. कोणत्या धातूच्या कोणत्या आयनमध्ये किती इलेक्ट्रॉन एकटे आहेत हे झोपेतून उठवून विचारा, सांगतील. पण ब्युरेट त्यांनी पुस्तकातल्या चित्रातच पाहिलेली असते. मग बोर्डाची प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली की क्लासवाल्यांची धावाधाव होते. तनुजाच्या क्लासने पाच आठवड्यांसाठी एका मंगल कार्यालयाचा वरचा मजला घेतला होता. खाली लग्नं, वर टायट्रेशन. जिन्यावर अक्षतांचे दाणे पायाला लागत आणि हॉलमध्ये ॲसिडचा वास. नांदेडहून एमएस्सी झालेली तनुजा या पाच आठवड्यांपुरती नेमलेली होती. तिच्या जोडीला थिअरीचे सर येणार, असं तिला सांगितलं होतं.

सर आले ते तेच, बसमधले केळीवाले. अमरेश सर.

"शिजली का?" तनुजाने हळूच विचारलं.

"खोलीवर ठेवलीत," तो तितक्याच हळू म्हणाला. "पिकली की सांगा तुम्ही."

तो शिकवायचा मात्र असा, की खालचा बँडसुद्धा ऐकू येऊ नये. पहिल्याच दिवशी ब्युरेटमध्ये जांभळं पर्मँगनेट, खाली फ्लास्कमध्ये लोखंडाचं फिकट द्रावण, आणि भोवती पंचवीस लेकरं.

"लोखंड प्लस टूमध्ये असतंय तेव्हा त्याच्या डी नावाच्या कप्प्यात सहा इलेक्ट्रॉन. खोल्या पाच. म्हणजे एका खोलीत दोघं, दाटीवाटीनं. होस्टेलवर एकाच्या खोलीत दुसरा कोंबला तर बरं वाटतंय का तुम्हाला?"

"न्हाई सर."

"त्यांना पण न्हाई वाटत. एक जण जायला टेकलेलाच असतो. तो गेला की पाच खोल्या, पाच जण. प्लस थ्री. लोखंड एक गमावतंय आणि शांत होतंय. आता हे वरचं मँगनीज बघा. प्लस सेवन. त्याच्या डीमध्ये एक पण न्हाई, सगळं घर रिकामं. ते पाच लोखंडांकडून एकेक इलेक्ट्रॉन घेतंय. त्याचे किती झाले?"

"पाच."

"देणारा पाचावर, घेणारा पण पाचावर. दोघं निवांत. म्हणून ही रिॲक्शन अडत न्हाई."

तनुजा हे सगळं दोनदा शिकली होती, दोन्ही परीक्षांत तिने लिहिलंही होतं. पण दोघंही शेवटी एकाच आकड्यावर येऊन थांबतात, हे तिला कुणी असं दाखवलं नव्हतं. ती टेबलाला टेकून ऐकत राहिली. प्रेमात पडायला माणसाला काय काय पुरतं, याची यादी करायला बसलं तर त्यात डी ब्लॉकही घालावा लागेल.

अमरेशची एक पद्धत होती. टायट्रेशनमध्ये वरचं द्रावण थेंबाथेंबाने सोडताना शेवटचा थेंब पडतो आणि फ्लास्कमध्ये अगदी पुसट गुलाबी छटा उरते. तीच खूण, एंड पॉइंट, तिथेच थांबायचं. ती छटा आली की नाही, हे तो स्वतः कधी सांगायचा नाही. "काय दिसायलंय? तुम्हीच सांगा," म्हणायचा. लेकरांना वाटे, सर आपल्याकडून काढून घेतात. आणि लेकरं सांगेपर्यंत तो फ्लास्ककडे न बघता तनुजाकडे बघायचा.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, सहज. दुसऱ्या दिवशी तिने मोजलं. अकरा वेळा. थेंब पडायचा, द्रावण गुलाबी व्हायचं, तिचे ओठ किंचित हलायचे, आणि वर पाहावं तर चष्म्याआडून त्याचे डोळे तिच्याच तोंडावर. एकदा तर नेमक्या त्या क्षणी खालून भटजींचा "सावधान" ऐकू आला. लेकरं फिस्सकन हसली, तनुजाचे कान तापले, आणि अमरेश कधी नव्हे ते ब्युरेटची तोटी बंद करायला विसरला. सगळं द्रावण गर्द जांभळं झालं.

"गेलं की वाया," ती म्हणाली.

"जाऊ द्या. परत करू."

"परत परत तेच करायचं का?"

"मला काय... मला आवडायलंय."

होस्टेलवर जाऊन तिने हे वाक्य किती वेळा उलटून पालटून पाहिलं, ते सांगण्यासारखं नाही. बाहेर आभाळ गच्च भरलेलं होतं. त्या साली माघातसुद्धा सूर्याने तोंड दाखवायचं नाही असं ठरवलं होतं. पण तनुजाला त्या दिवसांत आभाळाची फारशी खबर नव्हती.

तिसऱ्या आठवड्यातल्या रविवारी तिने लेकरांसाठी खास बेत केला. तिच्या जुन्या कॉलेजातून व्हॅनेडियमचा क्षार आणला. हा धातू मोठा हौशी. ॲसिडमध्ये विरघळवून त्यात जस्ताची पूड टाकली की तो एकेक इलेक्ट्रॉन घेत जातो आणि प्रत्येक पायरीला कपडे बदलतो. आधी पिवळा, मग निळा, मग हिरवा, शेवटी जांभळा.

यात एक गंमत आहे आणि ती ज्याने स्वतः फ्लास्क हलवला त्यालाच कळते. पिवळ्याचा निळा होताना मध्येच एक हिरवा दिसतो. तो खरा नव्हे. अर्धं पिवळं आणि अर्धं निळं मिसळून झालेला तो भास. नवखा माणूस तिथेच टाळ्या वाजवतो. खरा हिरवा त्यानंतर येतो, निळा येऊन गेल्यावर.

अमरेश फळ्याकडे तोंड करून लिहीत होता. प्लस फाईव्ह, डी शून्य. प्लस फोर, डी एक.

"मॅडम, कुठवर आलं?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"हिरवा दिसतोय," तनुजा म्हणाली. दिसत होता तो तिने सांगितला, इतकंच.

खडू सरसर चालला. "प्लस थ्री. डी दोन. हा बघा व्हॅनेडियमचा हिरवा." तो वळला, फ्लास्क हातात घेतला, उजेडाकडे धरला. "सगळ्यांनी नीट बघून घ्या. हाच तो."

"सर," पुढच्या बाकावरची शिल्पा म्हणाली, "पण निळा कुठं आला अजून?"

अमरेश थांबला. "निळा... झटकन गेला असंल. तुमचं लक्ष नव्हतं."

तो असं म्हणतो आहे तोवर त्याच्या हातातला फ्लास्क सगळ्यांच्या डोळ्यांदेखत निळा झाला. लेकरं हसली. तोही हसला, डस्टरने लिहिलेलं पुसलं, पुन्हा लिहिलं. कुणालाच काही वाटलं नाही. सर थिअरीचे, हाताने कधी केलेलं नसेल, संपलं.

तनुजा मात्र हसली नाही. फ्लास्क स्टँडवर ठेवून ती वाट बघत राहिली. काही मिनिटांनी निळा हळूहळू मावळला आणि खरा हिरवा वर आला, बाभळीच्या कोवळ्या पाल्यासारखा स्वच्छ. ती काही बोलली नाही, चेहराही हलू दिला नाही. अमरेशने फ्लास्ककडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि मग तिच्या तोंडाकडे. तिच्या तोंडावर काहीच नव्हतं. त्याच्या कपाळावर घाम आला.

कच्ची केळी. केळीच्या पानासारखी विटकरी ओढणी. आणि त्या अकरा नजरा...

लेकरं गेल्यावर तिने दोन परीक्षानळ्या त्याच्यासमोर धरल्या. एकीत साधं पाणी, दुसरीत पर्मँगनेटचा एक थेंब टाकलेलं.

"गुलाबी कोणती?"

तो बाकावर बसला. खाली मांडव उतरवत होते, बांबू पडल्याचे आवाज येत होते.

"न्हाई दिसत," तो म्हणाला. "लाल, हिरवा, गुलाबी... सगळं एकच मळकं दिसतंय मला. निळा-पिवळा तेवढा कळतो."

"एमएस्सीचं प्रॅक्टिकल कसं केलंत?"

"शेजारचा दोस्त खोकायचा. एंड पॉइंट आला की एकदा."

मग त्याने सगळं सांगितलं. तो दहा-बारा वर्षांचा होता, पोळ्याच्या आदल्या दिवशी दुकानात गर्दी मावत नव्हती. बैलांच्या शिंगांना लावायला एका शेतकऱ्याने हिरवा रंग मागितला. अमरेशने सुटा रंग डब्यात ओतून दिला. दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत त्या बैलांची शिंगं तपकिरी. सगळा गाव हसला, तो शेतकरी दुकानावर भांडायला आला आणि अप्पांनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, गुरुपादप्पांनी, भर बाजारात त्याच्या कानाखाली मारली. लक्ष कुठं असतं तुझं, म्हणाले. लक्ष तिथंच होतं. पण ते त्याने तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही.

"कामून न्हाई सांगितलं?"

"रंगाच्या दुकानदाराचं पोरगं, आणि त्याला रंग दिसत न्हाई... कसं सांगू?" त्याने चष्मा काढून पुसला. "म्हणून केमिस्ट्री धरली. इथं इलेक्ट्रॉन मोजले की रंग पाठ करता येतो. आता हैदराबादला औषधाच्या कंपनीत नोकरी लागायलीय, माल तपासायची. नुसती मेडिकल राहिलीय. ठिपक्याठिपक्याचं पुस्तक असतंय, त्यातले आकडे वाचायचे. तेवढं तू पाठ करून दे मला. आवर्तसारणी पाठ केलेला माणूस हाय मी. न्हाई झालं तर परत त्या दुकानात."

पहिल्यांदाच तो तिला 'तू' म्हणाला होता. ज्या वाक्यात म्हणाला ते वाक्य वाईट होतं, पण तिला आधी 'तू'च ऐकू आलं. तिने हो म्हटलं.

पुढचे चार दिवस सुटीनंतर दोघं तिच्या मोबाईलवर ती पानं घेऊन बसत. बाहेर भुरभुर पाऊस. रबी झोपवणारा, कुणालाच नको असलेला. चहाच्या टपरीवरून येताना तो स्वतःच्या डोक्यावर फाईल धरायचा आणि चहा मात्र ओढणीखाली तिने झाकून आणायचा, असं कामाचं वाटप झालं होतं.

"हे पहिलं पान?"

"बारा. हे सगळ्यांनाच दिसतंय."

"दुसरं?"

"...तीन."

"आठ आहे."

"मला तीन दिसायलाय."

"तीन दिसला तरी आठ म्हणायचं. कडेला ठिपके विरळ आहेत बघा, त्यावरून ओळखा."

"आठ," तो पुटपुटला. "मला तर आठ म्हणताना तुझं तोंडच दिसायलंय."

ती लाजली. अगदी बावळटासारखी लाजली आणि त्याबद्दल तिने पुढे स्वतःला पुष्कळ दूषणं दिली.

पाचव्या दिवशी मध्येच आईचा फोन आला. सिंधुताईंना दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी आहे आणि ती न घेण्याची कारणं त्यांना रोज नवीन सुचतात.

"घेतली का गोळी?"

"घेते गं. कंटाळा आला बघ. काय असतंय त्यात कुणाला ठाऊक. खडू देत असतील."

"असं कसं, आई. तपासलेली असती ती. प्रत्येक गोळी कुणीतरी बसून तपासलेली..."

समोर अमरेश ओठ हलवत आकडे घोकत होता. आठ, एकोणतीस, पाच. तिने फोन ठेवला, पानं बंद केली.

"मी न्हाई सांगणार पुढचे."

"का? काय झालं?"

"तिथं पण असाच पुसट गुलाबी येईल. तुम्ही कुणाकडं बघणार? आणि चुकून पुढं गेलात तर ती गोळी माझी आई खाईल. कुणाची तरी आई खाईल."

"तिथं मशिनी असतेत."

"सगळीकडं नसतेत. तुम्हाला ठाऊक हाय."

तो उठला. इतक्या दिवसांत त्याचा आवाज तिने पहिल्यांदाच चढलेला ऐकला. "मला वाटलं तू तरी... तुझ्याकडं बघून मला सगळं दिसायलं होतं. आता कुणाकडं बघू मी?"

जो प्रश्न तनुजाने रविवारपासून पोटात धरून ठेवला होता तो बाहेर पडला. "म्हणजे इतके दिवस माझ्या तोंडावर रंगच बघत होतात?"

खोटं बोलायला इतकी सोपी जागा माणसाला आयुष्यात पुन्हा मिळत नाही. पण तो मान खाली घालून म्हणाला, "सुरुवातीला... हाव."

"आणि नंतर?"

तो चष्मा पुसत राहिला. ती जिना उतरून गेली. 'सुरुवातीला' या शब्दाच्या पुढे काहीतरी होतं, हे तिला कळत होतं. पण ते काय, हे तिनेच का म्हणून ओळखायचं? दुसऱ्या दिवशी तो आला नाही. मेडिकलसाठी हैदराबादला गेले, असं ऑफिसातून कळलं.

उरलेले दोन आठवडे तनुजाने एकटीने काढले. इलेक्ट्रॉन तिनेच मोजले, रंग तिनेच सांगितले. लेकरं विचारायची, मॅडम, झाला का एंड पॉइंट? ती फ्लास्ककडे बघून हो म्हणायची आणि सवयीने वर पाहायची. समोर भिंत असायची. आपल्याला त्याने साधन म्हणून वापरलं, याचा राग तिला सकाळी यायचा. संध्याकाळी नुसतं रडू यायचं. आठ म्हणताना तुझं तोंड दिसतं, असं म्हणणारा माणूस आता खरंच कुठल्यातरी डॉक्टरसमोर आठ म्हणत असेल, आणि त्यालाही आपणच जबाबदार, हे दुःख वेगळं.

फेब्रुवारीच्या अखेरीस काम संपलं. ब्युरेटा वर्तमानपत्रात गुंडाळून ती नांदेडच्या गाडीत बसली. आदल्या दिवशी गारा पडलेल्या, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी आडवी झालेली. चाकूरला कंडक्टर म्हणाला, दहा मिनिटं.

ती उतरणार नव्हती. रंगाच्या दुकानाकडे बघायचंही नाही असं तिने ठरवलं होतं. पण बघितलं. दुकानाच्या पायरीवर सिमेंटच्या फरशीत मिसळायच्या रंगीत पावडरींचे मोठे डबे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकावर पांढऱ्या कागदाची पट्टी चिकटवलेली. ते अक्षर तिने फळ्यावर रोज पाहिलं होतं.

ब्युरेटा सीटवर ठेवून ती उतरली.

पहिल्या डब्यावर लिहिलं होतं: 'लाल. लोखंड, प्लस थ्री, डी पाच.' दुसऱ्यावर: 'पिवळा. हेही लोखंडच, प्लस थ्री.' गल्ल्यावर कपाळाला विभूतीचे पट्टे लावलेले एक म्हातारे बसले होते.

"काय पाहिजे, पोरी? ते कागद वाचू नको. माझ्या पोरानं लिवलेत, गिऱ्हाइकाला काय बी कळत न्हाई त्यातलं."

"मला कळतं," ती म्हणाली.

आतून अमरेश बाहेर आला. हात कोपरापर्यंत पावडरीने माखलेले. तिला पाहून तो जागच्या जागी थांबला.

"गेला नाहीत हैदराबादला?" तिने विचारलं.

"गेलो होतो. डॉक्टरनं पुस्तक उघडलं. पहिलं पान बारा. दुसऱ्या पानावर..." त्याने हात पँटला पुसले. "आठ पाठ होता मला. पण मी तीन म्हणालो."

"का?"

"तीनच दिसत होता."

गुरुपादप्पांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग रस्त्याकडे बघत, कुणालाच न बोलल्यासारखे बोलले. "बारा वरसं ह्यो गप राहिला, पोरी. पोळ्याला मी मारलं होतं ह्याला. मी बी कधी इचारलं न्हाई, आन् ह्यानं बी सांगितलं न्हाई. परवा भर दुकानात गिऱ्हाइकासमोर म्हणला, अप्पा, मला रंग दिसत न्हाईत. म्हणून ह्ये कागद." ते उठले आणि उगीचच आत कशाला तरी गेले.

रिमझिम पुन्हा सुरू झाली होती. अमरेशने ओळीतला शेवटचा डबा पुढे ओढला. त्यावर पट्टी होती, पण कोरी.

"हा एक राहिलाय. अप्पा म्हणतेत हिरवा. पण तुला विचारून लिहायचं म्हणून ठेवला."

"मी येईन हे ठाऊक होतं?"

"न्हाई. तरी ठेवला."

तनुजाने वाकून पाहिलं. "हिरवाच हाय."

"पहिला का दुसरा?"

तिने चिमूटभर पावडर बोटावर घेऊन उजेडाकडे धरली. "दुसरा," ती म्हणाली. "खरा."

त्याने खिशातून पेन काढलं आणि पट्टीवर लिहिलं: 'हिरवा. क्रोमियम, प्लस थ्री.' पेन खिशात घातलं. डब्याचं झाकण लावलं. स्टँडवरून कंडक्टरने शिट्टी वाजवली. तनुजाने वर पाहिलं तर तो तिच्याकडे बघत होता, तसाच, चष्म्याआडून.

"आता काय बघायलाव?" ती म्हणाली. "सांगितला की रंग."

"रंग लिहून झाला," तो म्हणाला.

आणि तरी बघत राहिला. झाकण लावलेलं होतं, हातात काही नव्हतं, विचारायचं काही उरलेलं नव्हतं.

पुढचं सगळं अवघड होतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अर्धापूरचे कदम आणि चाकूरचे लिंगायत, तिच्या वडिलांचा स्वभाव, हैदराबादची गेलेली नोकरी आणि हे दुकान, जिथे आता त्याला प्रत्येक गिऱ्हाइकाला नव्याने सांगावं लागणार होतं. यातलं काहीच त्या दहा मिनिटांत सुटणार नव्हतं. शिट्टी दुसऱ्यांदा वाजली. तनुजा रस्ता ओलांडायला निघाली आणि अर्ध्यावर वळली.

"पुढच्या रविवारी येईन," ती म्हणाली. "येताना केळी मी आणते. तुम्ही घेऊ नका."

गाडी सुटली. तिने मागे वळून पाहिलं तेव्हा तो पावसात तसाच उभा होता आणि गुरुपादप्पा ओळीतले डबे एकेक करून आत घेत होते.